हिशेब शिकवणार कोण?

भंडारा लोकसभा मतदारसंघात १९५४ साली झालेल्या पोटनिवडणुकीची नोंद समाजवादी चळवळीच्या इतिहासात आहेच. दोन सदस्यांच्या त्या मतदारसंघात सर्वसाधारण जागेवर प्रजासमाजवादी पक्षाचे अशोक मेहता विजयी झाले आणि राखीव जागेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना पराभव पत्करावा लागला. त्या निकालाची राजकीय चर्चा पुष्कळ झाली. एक गोष्ट मात्र सहसा कोणी बोलून दाखवत नाही. धानाच्या बांध्यांतून आणि विडीच्या सुपांमधून त्या वर्षी मते मागत हिंडलेली ही दोन माणसे पैशाच्या व्यवहाराचा मुळापासून अभ्यास केलेली होती. रुपयाच्या प्रश्नावरील आंबेडकरांचा ग्रंथ १९२३ सालचा. त्याच्याही आधी, सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक होण्यापूर्वी, शेअर व रोख्यांच्या व्यवहारांबाबत सल्ला देणारी एक पेढी त्यांनी मुंबईत सुरू केली होती. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाइके येईनाशी झाली आणि पेढी मिटवावी लागली, असे धनंजय कीर यांनी त्यांच्या चरित्रात नोंदवले आहे. मेहतांनी १९५० मध्ये ‘हू ओन्स इंडिया?’ हे पुस्तक लिहिले. भारतीय उद्योगांची मालकी मूठभर घराण्यांच्या हाती कशी एकवटली आहे, हा त्याचा विषय. कंपन्यांची मालकी आणि त्यांचे कारभार उलगडून पाहिल्याविना असे पुस्तक लिहिता येत नाही.

त्याच भंडारा जिल्ह्यात भंडारा–तुमसर रस्त्यावरील मोहाडीत आज एखादा तरुण पैशाची विद्या शिकू पाहत असेल, तर तो कोणाकडे जातो? तो खिशातला मोबाइल काढतो. सेबीने स्थापन केलेल्या राष्ट्रीय रोखे बाजार संस्थेचे पाठ त्यावर आहेत, केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ मंचावरील वर्ग आहेत, दलालांनी आपल्या ग्राहकांसाठी तयार केलेली फुकट पाठ्यपुस्तके आहेत आणि अमेरिकेतील येल विद्यापीठाचे नोबेल पारितोषिक विजेते अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट शिलर यांची वित्तीय बाजारांवरील व्याख्यानेही आहेत. चक्रवाढ व्याज, महागाई, रोखा आणि समभाग यांतील भेद, विमा आणि गुंतवणूक यांची गल्लत, म्युच्युअल फंडाचे हप्ते हे सारे तालुक्याच्या ठिकाणी बसून शिकता येते. ही सुधारणा क्षुल्लक नव्हे. जी विद्या काल-परवापर्यंत मुंबईच्या दलाल स्ट्रीटवर, इंग्रजीत आणि गुजरातीत, बापाकडून मुलाकडे जात होती, ती कोष्ट्याच्या आणि ढिवराच्या मुलाला एका बोटाच्या अंतरावर आली आहे. तिचे स्वागत करण्यात पुरोगाम्यांनी संकोच बाळगण्याचे कारण नाही.

संकोच आहे, हे मात्र खरे. चळवळीच्या वर्तुळात या विषयावर दोन ठरलेली उत्तरे ऐकू येतात. शेअरबाजार हा जुगार आहे, तेव्हा त्याचे शिक्षण म्हणजे जुगाराचे शिक्षण, हे पहिले. ज्याच्या हाती महिन्याअखेर काही उरत नाही त्याला गुंतवणूक शिकवणे ही थट्टा आहे, हे दुसरे. दोन्ही उत्तरांत तथ्याचा अंश आहे, आणि दोन्ही आजच्या परिस्थितीत अपुरी आहेत.

मोहाडी तालुक्यातच वरठी आहे. भंडारा रोड स्थानकाजवळचा सनफ्लॅगचा पोलाद कारखाना तेथे आहे. या कंपनीचे समभाग मुंबईच्या बाजारात रोज विकले-घेतले जातात. भट्टीपुढे घाम गाळणाऱ्या कामगाराने आयुष्यात एकही समभाग विकत घेतला नसेल; तरीही तो शेअरबाजाराबाहेर आहे असे म्हणता येत नाही. ऑगस्ट २०१५ पासून भविष्यनिर्वाह निधी संघटना आपल्याकडे नव्याने येणाऱ्या रकमेचा काही भाग निर्देशांकाशी बांधलेल्या फंडांतून समभागांत गुंतवीत आली आहे. प्रारंभी तो भाग ५ टक्के होता, २०१७ मध्ये १५ टक्क्यांवर नेण्यात आला. कामगारांच्या संघटनांनी या निर्णयाला त्या वेळी विरोध केला. निर्णय टिकला, आणि त्यानंतर त्या पैशाचे काय होते याचा पाठपुरावा किती ठिकाणी झाला?

शिक्षकांचे आणि पंचायत समितीतील कर्मचाऱ्यांचे प्रकरण अधिक स्पष्ट आहे. १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर महाराष्ट्र शासनाच्या सेवेत आलेल्यांना जुने निवृत्तिवेतन नाकारण्यात आले. त्यांच्या म्हातारपणाची भाकर बाजाराच्या चढउतारांवर टांगली गेली. मार्च २०२३ मध्ये राज्यभरातील कर्मचाऱ्यांनी जुन्या निवृत्तिवेतनासाठी केलेला संप हा या प्रश्नावरील मोठा लढा होय, आणि त्याची मागणी न्याय्य होती. परंतु लढा चालू असतानाही दरमहा पगारातून रक्कम कापली जातच होती. ती कोणत्या फंडात जाते, कोणता व्यवस्थापक ती सांभाळतो, निवृत्तीच्या दिवशी तिच्यातून किती वर्षासन निघेल हे ठाऊक असलेले कर्मचारी अपवादानेच भेटतात. पुढे शासनांनी नव्या योजनांचे पर्याय मांडले. केंद्राची एकत्रित निवृत्तिवेतन योजना १ एप्रिल २०२५ पासून आली. दोन योजनांतून एक निवडावयाची तर घोषणा पुरत नाहीत, आकडेमोड लागते. कष्टकऱ्याला बाजारात ढकलून झालेले आहे. आता त्याने बाजाराचा नकाशा वाचू नये, असे सांगण्यात कोणते तत्त्व उरले?

तेव्हा शिकावे की नाही हा वादाचा विषयच नव्हे. शिकवतो कोण आणि त्या शिकवण्यातून त्याला काय मिळते, हा खरा प्रश्न आहे.

या ऑनलाइन वर्गांचा मोठा भाग फुकट आहे. व्यापारी ज्या वस्तूचे मोल घेत नाही, तिच्याविषयी ग्राहकाने अधिक सावध असावे, हा जुना बाजारी शहाणपणा येथे उपयोगी पडतो. दलालाला उत्पन्न मिळते ते उलाढालीतून. विद्यार्थी वीस वर्षे एकच फंड धरून स्वस्थ बसला तर दलालाच्या हाती फारसे काही लागत नाही. तोच विद्यार्थी रोज दहा वेळा घेऊ-विकू लागला की गल्ला वाजू लागतो. शिकवणाऱ्याची नियत वाईट आहे असे मानण्याची येथे गरज नाही. काही दलालांची पाठ्यपुस्तके खरोखरच चांगली आहेत, जोखमीचे इशारेही त्यांत छापलेले असतात. परंतु धड्याच्या शेवटी खाते उघडण्याचे बटण असते आणि ते कधीच विसरले जात नाही.

परिणाम सेबीच्याच आकड्यांत दिसतो. सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या अभ्यासानुसार २०२१–२२ ते २०२३–२४ या तीन वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शन्सचे व्यवहार करणाऱ्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के लोकांनी पैसे गमावले. त्यांचा एकत्रित तोटा १ लाख ८० हजार कोटी रुपयांहून अधिक होता. या मंडळींपैकी तीन-चतुर्थांशांहून अधिक जणांनी आपले वार्षिक उत्पन्न ५ लाखांपेक्षा कमी असल्याचे सांगितले होते. पैसा हवेत विरत नाही. २०२३–२४ या एका वर्षात दलाली पेढ्यांच्या स्वतःच्या खात्यांनी सुमारे ३३ हजार कोटी आणि परदेशी गुंतवणूक संस्थांनी सुमारे २८ हजार कोटी रुपये या व्यवहारांत मिळवले, आणि तेही जवळजवळ सर्वस्वी संगणकाच्या स्वयंचलित आज्ञांनी. पुढच्या वर्षीचा अहवालही निराळा नव्हता: १०० पैकी ९१ जण तोट्यात, एकूण तोटा १ लाख ५ हजार कोटींच्या वर. एका बाजूला शक्तिमान संगणक आणि दुसऱ्या बाजूला चार चित्रफिती पाहून आलेला पदवीधर बेकार! या खेळाला बाजार म्हणण्यापेक्षा वसुली म्हणणे अधिक योग्य ठरेल.

मराठी मुलुखाला हा विषय परका राहिलेला नाही. डिसेंबर २०२५ मध्ये सेबीने कर्जत येथील अवधूत साठे ट्रेडिंग अकॅडमीविरुद्ध अंतरिम आदेश काढला, नोंदणी न करता गुंतवणुकीचा सल्ला दिल्याचा ठपका ठेवला आणि सुमारे ५४६ कोटी रुपये गोठविण्यास फर्मावले. आदेश अंतरिम होता. दोष अंतिमतः सिद्ध झाला असा त्याचा अर्थ होत नाही. येथे महत्त्वाची आहे ती त्या रकमेची व्याप्ती. शिकवण्याच्या नावाखाली एका संस्थेकडे शेकडो कोटी जमा होऊ शकतात, यावरून मराठी मध्यमवर्गात आणि त्याच्या खालच्या थरात ही भूक किती मोठी आहे ते कळते. शिक्षणाच्या आडून सल्ला विकला जाऊ नये म्हणून सेबीने जानेवारी २०२५ मध्ये असे स्पष्ट केले होते की निव्वळ शिक्षण देणाऱ्याने गेल्या तीन महिन्यांतील भाव वापरून कोणत्याही रोख्याविषयी बोलू नये. नियम बरा आहे. पण नियामकाने फळा पुसला म्हणून वर्ग भरत नाही. विद्यार्थी दुसऱ्या गुरूच्या शोधात निघतो.

आता मोहाडीच्या दृष्टीने या अभ्यासक्रमांचा आशय तपासावा. जवळजवळ प्रत्येक अभ्यासक्रमाचा पहिला पाठ असा असतो: दरमहा उत्पन्नातून ठराविक रक्कम बाजूला काढा. हे वाक्य नागपूरच्या किंवा पुण्याच्या पगारदारासाठी लिहिलेले आहे. धान पिकवणाऱ्याच्या घरात महिना नावाचे आर्थिक एकक नसते. दिवाळीच्या सुमारास कापणी होते, आधारभूत केंद्रावर काटा होतो, पैसे कधी लगेच तर कधी रखडत खात्यात येतात. ते येण्यापूर्वीच दुकानदाराची उधारी, खताची उधारी आणि लग्नाचे देणे उभे असते. उन्हाळ्यात तेंदूपत्त्याचे काही दिवस, रोजगार हमीचे काही दिवस, मग पुन्हा पावसाळ्याचा तंगीचा काळ. विडी वळणाऱ्या बाईला आठवड्याचा हिशेब कळतो, कोसा विणणाऱ्याला ठोकाचा. अशा घराला दरमहा हप्त्याचा धडा देणे म्हणजे तळ्याच्या काठी बसलेल्याला समुद्राच्या भरती-ओहोटीचे कोष्टक पाठ करायला लावणे होय. हंगामी उत्पन्नाची बचत कशी करावी, काट्यानंतर आलेल्या रकमेतील किती भाग पोस्टात किंवा मुदत ठेवीत टाकून जूनसाठी राखावा, याचा पाठ त्या अभ्यासक्रमांत सापडत नाही, कारण तो शिकवून कोणालाच दलाली मिळत नाही.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. या वर्गांत व्याज नेहमी मिळवणाऱ्याच्या बाजूने शिकवले जाते. चक्रवाढीचा चमत्कार म्हणून आलेख वर चढत जातो. चक्रवाढीची ओळख येथील माणसाला शाळेत व्हायची नव्हती. पावसाळ्यात घेतलेले धान्य सुगीला दिढीने फेडणाऱ्या पिढ्यांना ती देणेकरी म्हणून झालेली आहे. आजही ‘शेकडा तीन’ म्हटले की महिना आणि शेकडा समोरचा बरोबर जाणतो. वर्षाला ते ३६ टक्के होतात हे गुणून सांगणारे कोणी नसते. महिलांच्या गटांना दारात येऊन कर्ज देणाऱ्यांचा हिशेब तर आणखी फसवा असू शकतो. समजा १२,००० रुपये कर्ज, व्याज सरळ १२ टक्के, फेड बारा महिन्यांत. व्याज १,४४० रुपये, हप्ता १,१२० रुपये. ऐकायला १२ टक्के. परंतु पहिल्याच महिन्यात मुद्दलाचा काही भाग परत गेलेला असतो. वर्षाच्या मध्यावर तर निम्मे मुद्दलच हाती उरलेले असते, आणि व्याज मात्र पूर्ण १२,००० वर मोजलेले. घटत्या शिलकीवर हाच दर सुमारे साडेएकवीस टक्के पडतो. हा हिशेब दहावी झालेल्या मुलीला एका संध्याकाळी शिकवता येतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्ज देताना बँकांनी व वित्तसंस्थांनी कर्जदाराला कळेल अशा भाषेत, सर्व खर्चांसह खरा वार्षिक दर दाखवणारे मुख्य तपशिलांचे पत्रक देणे बंधनकारक आहे. तो कागद मराठीत मागण्याचा अधिकार आपल्याला आहे, हे किती गटांना ठाऊक आहे?

गुंतवणुकीच्या बाजूलाही अशीच एक झाकलेली मूठ आहे. म्युच्युअल फंडाची प्रत्येक योजना १ जानेवारी २०१३ पासून दोन प्रकारे मिळते: मध्यस्थामार्फत आणि थेट. थेट घेतल्यास मध्यस्थाचे कमिशन वाचते. फरक वर्षाला एखाद्या टक्क्याचा. टक्का म्हणजे किती? दरमहा २,००० रुपये २५ वर्षे भरले, म्हणजे एकूण ६ लाख भरले असे धरावे. परतावा १२ टक्के गृहीत धरला तर सुमारे साडेसदतीस लाख होतात, ११ टक्के धरला तर सुमारे साडेएकतीस लाख. एका टक्क्यात गेलेली रक्कम सहा लाख, म्हणजे शिक्षकाने पंचवीस वर्षे पोटाला चिमटा घेऊन भरलेली सगळी रक्कम! बाजार १२ टक्के देईलच याची हमी कोणी देऊ शकत नाही. कमिशन मात्र बाजार पडला तरी वर्षानुवर्षे कापले जाते.

येथे एका भ्रमापासून सावध राहिले पाहिजे. शिक्षण दिले की लूट थांबेल, असे सरकारी समित्या आणि उद्योगपतींच्या परिषदा मोठ्या उत्साहाने सांगतात. राष्ट्रीय वित्तीय शिक्षण केंद्राच्या २०१९ च्या पाहणीत देशातील केवळ २७ टक्के प्रौढ वित्तीयदृष्ट्या साक्षर आढळले. तेव्हापासून प्रत्येक घोटाळ्यानंतर ‘लोक अज्ञानी आहेत’ हे वाक्य सोयीस्करपणे वापरले जाते. अज्ञान होते कोणाचे? नागपूरच्या श्रीसूर्या आणि वासनकर या पेढ्यांविरुद्ध २०१३ आणि २०१४ मध्ये गुन्हे दाखल झाले. त्यांत पैसे गुंतवणारे निरक्षर नव्हते. शिकलेसवरलेले, निवृत्तीचे पैसे हाती आलेले लोक त्यांत होते. ठेवीदारांच्या संरक्षणाचा राज्याचा कायदा १९९९ पासून अस्तित्वात होता. पर्ल्स समूहाच्या पीएसीएल कंपनीने कोट्यवधी लोकांकडून जमिनीच्या नावाखाली सुमारे ४९ हजार कोटी रुपये गोळा केले. ते परत करण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाला २०१६ मध्ये निवृत्त सरन्यायाधीश लोढा यांची समिती नेमावी लागली. इतकी वर्षे नियामक काय करीत होते, हा प्रश्न विचारण्याऐवजी ठेवीदारालाच धडा शिकवायचा! युनिट ट्रस्टच्या ‘यूएस-६४’ मध्ये पैसे ठेवणारा मराठी कारकून कोणत्याही पुस्तकाच्या मते शहाणाच ठरला असता. जुलै २००१ मध्ये त्याच योजनेची पुनर्खरेदी थांबवण्यात आली. पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेत ठेव ठेवणाऱ्याने सप्टेंबर २०१९ पूर्वी कोणती चूक केली होती? त्याला प्रारंभी सहा महिन्यांसाठी केवळ १,००० रुपये काढण्याची मुभा मिळाली.

परदेशांतील संशोधनही वित्तीय शिक्षणाविषयी एकमुखी नाही. अनेक प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र करून २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की अशा शिक्षणाने लोकांच्या प्रत्यक्ष वर्तनात पडणारा फरक नगण्य असतो आणि जे शिकले ते काही महिन्यांत विरते. २०२२ मधील दुसऱ्या व्यापक अभ्यासाने परिणाम त्याहून बरे दाखवले. दोन्ही वाचून निघते ते एवढेच की शिक्षण निर्णयाच्या वेळेशी आणि माणसाच्या स्वतःच्या व्यवहाराशी जोडलेले असले तर टिकते. घरी एकट्याने, रात्री, मोबाइलवर पाहिलेली चित्रफीत नेमकी त्याच्या उलट असते. शिकणाऱ्याला शंका विचारायला कोणी नाही, आणि तोटा झाला तर लाजेने तो सांगायलाही कोणी नाही.

म्हणून हे वर्ग नाकारण्यापेक्षा त्यांना सामुदायिक रूप देणे हे काम आहे. चळवळीला अभ्यासवर्ग नवीन नाहीत. ज्या कार्यकर्त्यांनी गावोगाव जमीनधारणेचा कायदा समजावून सांगितला त्यांच्या वारसांना कर्जाचे पत्रक समजावणे अवघड जाऊ नये. चांगले ऑनलाइन पाठ जरूर वापरावेत, शिलर यांचाही धडा लावावा, पण तो दहा जणांत बसून पाहावा, थांबवावा, त्यावर वाद घालावा आणि मराठीत, शक्य तर झाडीबोलीत, पुन्हा मांडावा. वरठीच्या कामगारांनी आपल्याच कारखान्याचा वार्षिक अहवाल घेऊन बसावे. तो कोणालाही पाहता येतो. नफा किती, लाभांश किती, पगारावरचा खर्च किती, कंत्राटी मजुरांची संख्या किती, हे त्यात वाचता येते. वाटाघाटीच्या टेबलावर हे आकडे हाती असलेला कामगार प्रतिनिधी आणि नसलेला प्रतिनिधी यांत फार अंतर पडते. समभागाचा भाव उद्या वाढेल की पडेल, ही चर्चा त्या वर्गात निषिद्ध असावी.

सार्वजनिक संस्थांकडून मागण्यासारखेही काही आहे. नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून दूरशिक्षण देत आहे. शेतकरी, विडी कामगार, पगारदार आणि बचत गट अशा निरनिराळ्या उत्पन्नाच्या घरांसाठी मराठीतून, कोणत्याही दलालाच्या किंवा बँकेच्या देणगीविना, असा अभ्यासक्रम त्याने तयार करावा ही मागणी विधिमंडळात आणि विद्यापीठाच्या अधिकार मंडळांत लावून धरता येईल. जो कोणी पैशाविषयी शिकवतो, त्याने त्या शिकवण्यातून आणि त्यानंतर उघडलेल्या खात्यांतून आपल्याला काय मिळते ते पहिल्याच पाठात सांगावे, ही अट कायद्यात येण्यासाठीही आग्रह धरला पाहिजे. विधिमंडळ आणि विद्यापीठे आपल्या गतीने चालतील. मोहाडी तालुक्यातील बचत गटांच्या बैठका मात्र ठरलेल्या तारखांना भरतातच. त्यांपैकी एखाद्या बैठकीला सदस्यांनी आपापली कर्जाची कार्डे बरोबर आणावीत, एवढा निरोप शाखेने धाडावा. पहिला पाठ त्या कार्डांवरच छापलेला आहे.